पूर आजचा, पाणी कधीचं?

डोंगराळ भागात जोराचा पाऊस झाला की काही तासांत ओढा फुगतो. वर पाऊस पडला, उतारावरून वाहत खाली आला, ओढ्यात उतरला, असा सरळ हिशेब आपण मनात मांडतो. पण त्याच ओढ्याचं पाणी बाटलीत भरून त्याचे रेणू तपासले, तर बऱ्याचदा भलतंच निघतं. पुराच्या ऐन भरात वाहणाऱ्या पाण्यापैकी अर्ध्याहून जास्त पाणी त्या पावसाचं नसतंच. ते आधीच्या पावसांचं असतं आणि कित्येक आठवडे, महिने, कधी वर्षं जमिनीत मुरून राहिलेलं असतं. नव्या पावसाने त्याला फक्त बाहेर काढलेलं असतं.

पाऊस थांबून महिने उलटले तरी नदी वाहते ती भूजलावर, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. जमिनीत साठलेलं पाणी काठांतून, तळातून सावकाश झिरपत राहतं. या संथ वाहणाऱ्या भागाला पायाप्रवाह म्हणतात. प्रश्न होता तो पुराच्या पाण्याचा. अमेरिकन जलतज्ज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३३ मध्ये मांडलेलं चित्र असं होतं: जमीन ठरावीक वेगानेच पाणी मुरवू शकते, पाऊस त्याहून जोरात पडला की उरलेलं पाणी पृष्ठभागावरून वाहतं आणि त्याचाच पूर येतो. कित्येक अभियंते याच चित्रावर विसंबून काम करत. नदीच्या प्रवाहाचा आलेख काढायचा, पूर चढायला लागला तिथून तो ओसरला तिथपर्यंत पट्टीने एक रेषा मारायची, रेषेखालचं भूजल आणि वरचं पावसाचं. ती रेषा नेमकी कुठून कुठे मारायची याच्या अर्धा डझन पद्धती होत्या आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं यायचं. कागदावर मारलेल्या रेषेने नदीतलं पाणी वेगळं होत नाही, ही अडचण सगळ्यांनाच कळत होती. पण दुसरा उपाय हाताशी नव्हता.

पाणी वेगळं करायचं तर त्याला काहीतरी खूण हवी. पाण्यात विरघळलेले क्षार वापरून पाहिले गेले आणि काही प्रमाणात ते आजही वापरतात. पण क्षारांची गोम अशी की ते वाटेत बदलतात. पाणी खडकातून गेलं की काही क्षार घेतं, मातीतून गेलं की काही सोडतं. म्हणजे खूण वाटेनुसार पालटते. खूण अशी हवी की ती पाण्यात मिसळलेली नसून पाण्याच्या रेणूतच असेल.

अशी खूण निसर्गाने ठेवलेली आहे. ऑक्सिजनच्या बहुतेक अणूंचं वस्तुमान १६ असतं, पण दर १० लाखांमागे सुमारे २,००० अणूंत दोन न्यूट्रॉन जास्त असतात. हा ऑक्सिजन-१८. हायड्रोजनचंही तसंच: दर १० लाखांमागे सुमारे १५६ अणू दुप्पट वजनाचे असतात. हे ड्युटेरियम हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये शोधलं आणि १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड अणूंना समस्थानिक म्हणतात. हे दोन्ही समस्थानिक स्थिर आहेत, किरणोत्सारी नाहीत. त्यामुळे पाण्याचा साधा रेणू १८ वजनाचा, ड्युटेरियमवाला १९ चा आणि जड ऑक्सिजनवाला २० चा असतो. चवीत, रंगात, गुणात आपल्याला काही फरक जाणवत नाही. ही खूण नदीत ओतावी लागत नाही, काढावी लागत नाही. ती मुळातच नदीत आहे.

इतके थोडे जड रेणू थेट मोजून सांगणं गैरसोयीचं, म्हणून ते एका ठरावीक प्रमाण पाण्याशी तुलना करून सांगतात. समुद्राच्या सरासरी पाण्यावर बेतलेलं हे प्रमाण हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये ठरवलं. पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने व्हिएन्नाहून त्याचे नमुने प्रयोगशाळांना पुरवायला सुरुवात केली, म्हणून त्याच्या नावात व्हिएन्ना आहे. नमुन्यात या पाण्यापेक्षा जड अणू किती कमी किंवा जास्त, हे दर हजारी लिहायचं आणि त्याला ‘डेल्टा’ म्हणायचं. डेल्टा शून्य म्हणजे समुद्रासारखं पाणी. उणे ६ म्हणजे ऑक्सिजन-१८ चं प्रमाण समुद्रापेक्षा हजारात सहाने कमी. जमिनीवरचं बहुतेक गोडं पाणी उणे बाजूलाच असतं. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातल्या बर्फात हा आकडा उणे ५० च्याही खाली जातो.

आता खरी मेख. सगळ्या पावसाचा डेल्टा सारखा असता, तर या खुणेचा काडीचाही उपयोग नसता. पण तो सारखा नसतो. जड रेणू वाफ होताना मागे राहतात आणि वाफेचं पाणी होताना आधी खाली येतात. ढग समुद्रावरून आत सरकतो, डोंगर चढतो, थंड होतो, आणि प्रत्येक सरीबरोबर त्यातले जड रेणू हलक्यांपेक्षा जास्त प्रमाणात गळत जातात. उरलेली वाफ हलकी, तिच्यातून पडणारा पुढचा पाऊस आणखी हलका. म्हणून किनाऱ्यापेक्षा आतल्या भागात, पायथ्यापेक्षा माथ्यावर, उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात पाऊस साधारणपणे हलका असतो. उष्ण कटिबंधात तापमानापेक्षा पावसाचं प्रमाण महत्त्वाचं: जितका जास्त पाऊस, तितका तो हलका. विली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये हे सगळे परिणाम एकत्र मांडले. उंचीचा परिणाम तर इतका नेमाने दिसतो की दर १०० मीटर चढाईमागे ऑक्सिजनचा डेल्टा साधारण ०.१५ ते ०.५ ने खाली उतरतो. झऱ्याच्या पाण्यावरून ते डोंगरात किती उंचीवर मुरलं असावं, याचा अंदाज यावरूनच बांधतात.

म्हणजे पावसाचा डेल्टा ऋतूनुसार, सरीगणिक हेलकावे खातो. जमिनीत मात्र कित्येक पावसांचं पाणी एकमेकांत मिसळतं आणि ते हेलकावे विरतात. भूजलाचा डेल्टा वर्षभर जवळपास एका जागी असतो. पाऊस चंचल, भूजल स्थिर, आणि पुढचा सगळा हिशेब या एका फरकावर उभा आहे.

हिशेब शाळेतल्या मिश्रणाच्या गणितासारखाच आहे. समजा, पाऊस पडण्याआधी ओढ्याच्या पाण्याचा डेल्टा उणे ६ आहे. त्या वेळी ओढा भूजलावरच वाहतोय, म्हणून हा भूजलाचा आकडा धरू. पाऊस आला त्याचा डेल्टा उणे १२. पूर शिखरावर असताना ओढ्याचा नमुना घेतला तो निघाला उणे ७.५. सगळं पाणी जुनं असतं तर आकडा उणे ६ वर राहिला असता, सगळं नवं असतं तर उणे १२ वर गेला असता. सहा घरांच्या या अंतरात तो दीडच घर सरकला, म्हणजे नवं पाणी एक चतुर्थांश, जुनं तीन चतुर्थांश.

इथपर्यंत सोपं आहे, पण याला प्रवाहाच्या आकड्यांची जोड दिली की बसलेली समजूत हलते. ओढा आधी सेकंदाला २० लिटर वाहत होता, शिखरावर १०० लिटर, असं धरा. या १०० पैकी नवं पाणी २५ लिटर, जुनं ७५. आणि पावसाआधी जुनं पाणी होतं फक्त २०. म्हणजे पुरात भूजलाची संथ धार तशीच राहून तिच्यावर पाऊस चढला असं झालं नाही. जमिनीतल्या पाण्याची धारच जवळजवळ चौपट झाली, तीही काही तासांत. पट्टीने मारलेली रेषा इथे साफ चुकते, कारण तिच्यात भूजल हळूहळूच बदलतं हे आधीच गृहीत धरलेलं असतं.

माझे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण निष्कर्षाची दिशा खरी आहे. मायकेल स्क्लॅश आणि रॉबर्ट फार्वोल्डन यांनी १९७९ मध्ये वादळी पावसातल्या प्रवाहातला भूजलाचा वाटा यावर लिहिलेला निबंध गाजला तो यामुळेच. नंतरच्या दोन दशकांत दमट हवामानाच्या, झाडीच्या पाणलोटांत एकामागोमाग एक असे अभ्यास झाले आणि बहुतेक ठिकाणी जुन्या पाण्याचं पारडं जड निघालं.

मग जमिनीतून महिन्याला काही मीटर सरकणारं पाणी तासाभरात नदीत येतंच कसं? जेम्स किर्चनर यांनी २००३ मध्ये याला विरोधाभास म्हटलं: पाणलोट पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवतात आणि पाऊस आला की तेच पाणी मिनिटांत-तासांत सोडतात. उत्तराचा मोठा भाग असा की दाब आणि पाणी एकाच वेगाने चालत नाहीत. पाण्याने आधीच भरलेल्या लांब नळीच्या एका टोकाला नळ सोडला, की दुसऱ्या टोकातून लगेच पाणी पडतं. नळाचं नवं पाणी तिथे पोहोचायला मात्र वेळ लागतो, पहिल्यांदा पडतं ते नळीतलं जुनंच. उताराच्या जमिनीत मुरणारा पाऊस खालच्या साठ्यावर असाच दाब देतो आणि काठालगतचं जुनं पाणी बाहेर पडतं. शिवाय नदीकाठी भूजलाची पातळी जमिनीच्या अगदी जवळ असते. तिच्या वरचा मातीचा थर केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप वर चढणाऱ्या पाण्याने, आधीच ओथंबलेला असतो, त्यामुळे थोड्याशा पावसानेही पातळी झपकन वर येते आणि काठाकडून नदीकडे उतार तयार होतो. तिसरं कारण: मातीचे वरचे थर खालच्यांपेक्षा जास्त सच्छिद्र असतात. पातळी त्या थरांपर्यंत चढली की पाण्याला अचानक मोकळी वाट मिळते.

यांपैकी कुठलं कारण कुठे लागू पडतं यावर जोरदार वाद झाले. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा मायमाय हा पाणलोट त्यासाठी प्रसिद्ध आहे. अति पावसाचा, तीव्र उताराचा, पातळ मातीचा हा भाग. १९७९ मध्ये पॉल मॉस्ली यांनी तिथे उतारावर खड्डे खणून, रंग सोडून पाहिलं. मुळांच्या नि भेगांच्या वाटांतून पाणी भराभर धावताना त्यांना दिसलं. मग पुराचं पाणी नवं, हे उघडच वाटलं. १९८६ मध्ये त्याच जागी समस्थानिक मोजले गेले तर पाणी निघालं जुनं! डोळ्यांना दिसलेली धावती वाट खरी, आणि जुनं पाणीही खरं. १९९० मध्ये जेफ्री मॅकडॉनल यांनी दोन्हींचा मेळ घातला. नवं पाणी भेगांतून झटकन खाली जातं, माती आणि खडकाच्या सांध्यावर तुंबतं, तिथल्या कितीतरी मोठ्या जुन्या साठ्यात मिसळतं, आणि मग हे मिश्रण त्याच भेगांच्या वाटांनी झपाट्याने खाली उतरतं. वाट नवी, पाणी जुनं.

मला हा किस्सा या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. समस्थानिक पाणी कुठलं ते सांगतात. ते कुठल्या वाटेने आलं हे सांगत नाहीत. तरीही ‘इतके टक्के जुनं पाणी’ वाचून ‘म्हणजे इतके टक्के जमिनीखालून आलं’ असा अर्थ सर्रास लावला जातो. जुनं पाणी जमिनीच्या खोल थरातलं असेल, मुळांच्या आसपासच्या मातीतलं असेल, किंवा काठच्या दलदलीतून वर येऊन शेवटचे चार मीटर पृष्ठभागावरून वाहिलेलंही असेल. माती आणि खोल भूजल वेगळं करायचं तर दुसरी खूण लागते. सिलिका त्यासाठी बरी पडते, कारण ती खनिजांच्या सहवासात पाण्यात उतरते. पावसात ती जवळपास नसतेच.

पद्धत कुठे कोलमडते तेही पाहू. पाऊस उणे ७ आणि भूजल उणे ६ असेल, तर मोजणीतली ०.१ ची चूकच उत्तर १० टक्क्यांनी इकडेतिकडे नेते. अशा पावसात हिशेब करूच नये. एकाच पावसात सुरुवातीच्या सरी आणि शेवटच्या सरी यांच्या डेल्टात बराच फरक पडू शकतो, म्हणून दिवसभराचा पाऊस एका बाटलीत गोळा करणं पुरत नाही. वेळेवेळेने वेगळे नमुने घ्यावे लागतात. बर्फ वितळून येणारं पाणी तर वितळता वितळताच बदलतं. आणि कोरड्या प्रदेशांत, टणक झालेल्या जमिनीवर, डांबर-काँक्रीटने झाकलेल्या शहरांत हॉर्टन यांचं जुनं चित्र अजूनही बरंचसं लागू पडतं: तिथे पूर खरोखर त्या दिवसाच्या पावसाचा असतो.

नमुना घेणं दिसायला सोपं असतं, पण निष्काळजीपणा झाला की सगळं वाया. छोटीशी बाटली पुरते, पण ती काठोकाठ भरायची, आत बुडबुडा ठेवायचा नाही आणि झाकण घट्ट लावायचं. बाटलीत हवा राहिली तर पाण्याची थोडी वाफ होते, हलके रेणू आधी निघून जातात आणि नमुना आपोआप जड होतो. महिनाभर उघड्यावर राहणाऱ्या पर्जन्यमापकात यासाठीच पाण्यावर पॅराफिन तेलाचा पातळ थर ठेवण्याची रीत आहे. मोजायला पूर्वी मोठा वस्तुमान वर्णपटमापक लागायचा. आता लेझरवर चालणारी टेबलावर मावणारी यंत्रं आली आहेत, त्यामुळे एका पुराचे शेकडो नमुने मोजणं आवाक्यात आलं.

वाफेचा हा त्रास उपयोगालाही येतो. जगभरच्या पावसाचे दोन्ही डेल्टा आलेखावर मांडले की ते एका सरळ रेषेभोवती पडतात. क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवलं की ड्युटेरियमचा डेल्टा म्हणजे ऑक्सिजनच्या डेल्टाची आठ पट अधिक दहा. उन्हात उघड्यावर राहिलेलं पाणी या रेषेवरून घसरतं आणि कमी चढाच्या वेगळ्या रेषेवर जातं, जिथे ऑक्सिजनचा डेल्टा एकने वाढला की ड्युटेरियमचा आठऐवजी चार ते सहानेच वाढतो. कोरड्या महिन्यांतलं नदीचं पाणी क्रेग यांच्या रेषेवर बसलं, तर ते मुख्यतः जमिनीतून आलंय असं म्हणता येतं. रेषेपासून ढळलं, तर वर कुठेतरी तलाव, धरण किंवा पाणथळ जागा तिला पाणी देत असावी. उलट्या दिशेचा शोधही असाच लागतो. उंच पर्वतातून उतरलेल्या नदीचं पाणी मैदानातल्या स्थानिक पावसापेक्षा हलकं असतं. काठच्या विहिरीतही तोच हलका आकडा सापडला, तर तिथे भूजल नदीला पोसत नाही, नदीच भूजलाला पोसते आहे.

नेमक्या कुठल्या वळणावर भूजल नदीत शिरतं, हे मात्र पाण्याचे स्थिर समस्थानिक फारसं सांगत नाहीत. त्यासाठी रेडॉन-२२२ कामी येतो. खडकातल्या रेडियमपासून तो भूजलात सतत उतरत असतो, नदीत आला की हवेत उडून जातो आणि सुमारे ३.८ दिवसांत निम्मा होतो. नदीतून नावेने जाताना जिथे रेडॉन एकदम वाढलेला दिसेल, तिथे आसपासच भूजलाचा प्रवेश आहे.

उरतो वयाचा प्रश्न. जुनं पाणी किती जुनं? पावसाचा डेल्टा वर्षभरात वर-खाली होतो. नदीत तो हेलकावा किती उरला यावरून नदीतल्या ताज्या पाण्याचा वाटा काढता येतो. स्कॉट जसेच्को, किर्चनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २५४ नद्यांवर हा हिशेब केला. जगभरच्या नद्यांच्या प्रवाहाचा सुमारे एक तृतीयांश भाग तीन महिन्यांहून ताज्या पाण्याचा निघाला. आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली: तीव्र उताराच्या पाणलोटांत ताज्या पाण्याचा वाटा कमी होता. उतार जास्त म्हणजे पाणी लवकर निसटणार, हा अंदाज इथे चुकला. डोंगराळ भागात पाणी भेगांतून खोल उतरत असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. पाणी चार-पाच वर्षांहून जुनं झालं की हेलकावा पुरता विरतो. पाच वर्षांचं आणि पन्नास वर्षांचं पाणी तिला सारखंच दिसतं. मायकेल स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यावर बोट ठेवलं. स्थिर समस्थानिकांवरच विसंबल्याने नद्यांचं पाणी आहे त्यापेक्षा तरुण समजलं गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांनी आधार घेतला ट्रिटियमचा. हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, तोही पाण्याच्याच रेणूत असतो आणि सुमारे १२.३ वर्षांत निम्मा होतो. वयाचा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. शेतातल्या खताचा नायट्रेट भूजलातून नदीत यायला वीस-तीस वर्षं लागत असतील, तर खताचा वापर आज कमी केल्याचा परिणाम नदीत तितक्याच वर्षांनी दिसेल. दरम्यान नदी सुधारली नाही म्हणून उपाय फसला असं ठरवलं, तर चांगला उपायही मोडीत निघेल.

ट्रिटियमची स्वतःची एक भानगड आहे. वरच्या वातावरणात तो विश्वकिरणांमुळे तयार होतो, पण अत्यल्प. १९५० च्या दशकापासून हवेत झालेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांनी पावसातलं त्याचं प्रमाण १९६३ पर्यंत भयंकर वाढवलं. त्याच वर्षी चाचणीबंदीचा करार झाला आणि मग ते उतरत गेलं. काही दशकं हे शिखर भूजलाचं वय काढायला फार उपयोगी पडलं. पण त्याचा गोंधळही झाला. पुष्कळ ट्रिटियम घेऊन पडलेलं, पण जुनं होत होत त्यातला निम्म्याहून जास्त गमावलेलं पाणी आणि आजचं ताजं पाणी यांचे आकडे सारखे येऊ लागले, म्हणजे एका मोजणीला दोन-दोन वयं. दक्षिण गोलार्धात बाँबचा ट्रिटियम मुळात कमी पोहोचला, त्यामुळे न्यूझीलंडसारख्या देशात हा घोळ लवकर निवळला आणि नदीच्या एकाच नमुन्यावरून तिथे वय सांगता येतं. उत्तरेकडचा पाऊसही आता नैसर्गिक पातळीच्या जवळ आला आहे. तिथे जमिनीत साठलेला बाँबचा ट्रिटियम दर बारा वर्षांनी निम्मा होतो आहे, म्हणून तिथले संशोधक एका नमुन्यावर न थांबता काही वर्षांच्या अंतराने त्याच जागी पुन्हा नमुना घेतात आणि दोन्ही आकड्यांना जुळेल तेच वय धरतात.